नोकऱ्या आहेत म्हणे, फक्त ओळखी वाढवा!

रोह्याची_रातराणी:
दोन दिवस एक पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. लिहिणारे गृहस्थ कुठल्याशा मोठ्या कंपनीत सस्टेनेबिलिटीचे प्रमुख आहेत. म्हणणं थोडक्यात असं: पर्यावरणशास्त्राच्या मुलांना नोकऱ्या नाहीत हे रडगाणं आहे. सेबीनं बीआरएसआर (कंपनीनं पर्यावरण आणि समाजाबाबतच्या जबाबदारीचा द्यायचा अहवाल) सक्तीचं केल्यापासून कंपन्या माणसं शोधत हिंडतायत, पण मुलं लाजतात, परिषदांना जात नाहीत, लिंक्डइनवर चार लोकांशी बोलत नाहीत. खाली 'अगदी बरोबर सर'ची रांग. त्यात माझ्या वर्गातले दोघं पाहिले आणि डोकंच फिरलं.

मी एमएस्सी पर्यावरणशास्त्र, एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यात नोकरी. तेव्हा जरा लांबलचक ऐका.

बीआरएसआर २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना सक्तीचं झालं. सगळ्या देशात मिळून एक हजार. आणि तो अहवाल लिहितो कोण? मी पाहिलंय तिथे तरी सीए नाहीतर एमबीए. आमच्यासारख्यांनी वीज, पाणी आणि स्लजचे (सांडपाण्याच्या गाळाचे) आकडे एक्सेलमध्ये भरून रात्री अकराच्या आत पाठवायचे, एवढाच आमचा वाटा.

प्लांटमध्ये मिळते ती ईएचएसची, म्हणजे पर्यावरण-आरोग्य-सुरक्षा विभागातली नोकरी. तिथे सेफ्टीचा डिप्लोमा नसेल तर बढती विसरा. एमएस्सी होऊन परत त्या डिप्लोमाच्या वर्गात बसलेले किती जण दाखवू?

सरकारी म्हणाल, तर भारतीय वनसेवेची पात्रता उघडून वाचा. वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, रसायन, भौतिक, भूशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक चालतं. शेतकी, वानिकी, इंजिनिअरिंगच्या पदव्या चालतात. म्हणजे मेकॅनिकलवाला जंगल सांभाळू शकतो. पर्यावरणशास्त्राचं नाव त्या यादीत नाही. आता ही भिंत कोणाशी हस्तांदोलन करून ओलांडायची, सर?

आणि परिषदा! नोंदणीची फी विद्यार्थी सवलत धरूनही महिन्याच्या मेसएवढी. आत गेल्यावर प्रायोजक पुढच्या रांगेत, विद्यार्थी पोस्टरशेजारी उभे, आणि जेवणाच्या सुट्टीत पोस्टर बघायला चिटपाखरू नाही.

स्टॅकवरचा_कावळा:
ताई, वनसेवेचं शंभर टक्के मान्य. बाकी पटलं नाही.

ठाण्यात माझी छोटी कन्सल्टन्सी आहे. दरवर्षी मुलाखती घेतो. फर्स्ट क्लास एमएस्सी मुलगा ओझोनच्या थरावर अर्धा तास बोलतो, पण कन्सेंटची, म्हणजे कारखान्याला प्रदूषण मंडळानं दिलेल्या संमतीपत्राची, प्रत त्यानं आयुष्यात पाहिलेली नसते. एन्व्हायर्न्मेंट स्टेटमेंट (कारखान्याचं वार्षिक पर्यावरण विवरणपत्र) कधी भरायचं विचारलं तर ५ जून म्हणतो. (३० सप्टेंबर, बाळांनो. लिहून घ्या.) याला नोकरी मी का द्यायची? पर्यावरणावर प्रेम आहे म्हणून?

ओळखी म्हणजे परिषद हे तुम्हीच धरून चाललात. माझ्याकडे साताऱ्याकडचा एक मुलगा आला होता. पहिलं काम बेसलाइनचं: प्रकल्पाभोवती दहा किलोमीटरच्या परिघात एक अख्खा सीझन हवा, पाणी, माती, आवाज. शाळेच्या गच्चीवर सॅम्पलर चढव, वीज गेली की धावत जा, फिल्टर पेपर सांभाळून लॅबला पोचव. त्या उन्हाळ्यात त्याची सरपंच, सांडपाणी प्रक्रिया प्लांटचा ऑपरेटर, लॅबचा केमिस्ट सगळ्यांशी ओळख झाली. आज नॅबेटच्या (पर्यावरण सल्लागारांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) यादीत हवा प्रदूषणाचा तज्ज्ञ म्हणून त्याचं नाव आहे. लिंक्डइनवर तो अजूनही नाही.

रोह्याची_रातराणी:
त्या उन्हाळ्यात त्याला पगार किती दिलात?

स्टॅकवरचा_कावळा:
राहणं, जेवण, प्रवास आमचा. वर मानधन. शिकत होता तो.

रोह्याची_रातराणी:
म्हणजे पगार नव्हता. बरं.

माळावरचा_माळढोक:
ओळखीतून काम कसं मिळतं ते मी सांगतो, कारण मला तसंच मिळालं होतं.

पीबीआरचा, म्हणजे गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांचा हंगाम आठवतोय का कुणाला? गावातली झाडं, प्राणी आणि त्यांबद्दलचं लोकांचं ज्ञान त्यात लिहायचं. जैवविविधता कायदा २००२ चा, नोंदवह्या वर्षानुवर्षं रखडलेल्या. मग हरित लवादानं दट्ट्या लावला: ३१ जानेवारी २०२० पर्यंत सगळ्या स्थानिक संस्थांच्या लोकजैवविविधता नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर पुढे महिन्याला १० लाख भरा. राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार. विचार करा, आपल्या शिक्षणाला इतकं नेमकं लागू पडणारं एवढं मोठं काम परत कधी निघणार होतं? प्रत्येक तालुक्यात चार-सहा पोरं वर्षभर पगारावर फिरली असती.

झालं काय? कामं एजन्सींकडे गेली. माझ्या मित्राचा मामा एकीला ओळखत होता, म्हणून मी आत. पैसे नोंदवहीमागे. गावात गेलो की ग्रामसेवक म्हणायचे, गावच्या जैवविविधता समितीच्या सह्या तयार आहेत, तुम्ही फक्त आतलं भरा. समितीतल्या निम्म्यांना आपण समितीत आहोत हेच माहीत नसायचं. पुढे गावात जाणंही बंद झालं. एक साचा फाइल आली, गावाचं नाव बदलायचं आणि छापायचं. परभणीकडच्या एका गावाच्या नोंदवहीत मी या डोळ्यांनी 'जिताडा' वाचलाय. खाडीचा मासा, दुधनेच्या काठी! सुपरवायझरला दाखवलं तर म्हणाला, वाचतंय कोण.

तेव्हा कावळेसाहेब, ओळख होती, काम होतं, आणि तरीही मी काहीही शिकलो नाही.

शेवळाची_भाजी:
माळढोक, तुम्ही तुमच्या एजन्सीचं सांगा, सगळ्या नोंदवह्यांना काळं फासू नका. आम्ही मुरबाडकडच्या गावांत नोंदवही केली ती तिन्ही ऋतू फिरून. शेवळं कधी येतात, त्यांची खाज घालवायला काकडं (आंबट फळं) कोणत्या झाडाची टाकायची, लोत आणि कुर्डू या रानभाज्या कुठल्या बांधावर, हे बायकांनी सांगितलं आणि बायकांच्याच शब्दांत लिहिलं. गावसभेत वाचून दाखवलं. एका म्हातारीनं भर सभेत दोन नोंदी खोडायला लावल्या. या कामाची तळमळ तुमच्यात नव्हती, हे मान्य करा ना!

माळावरचा_माळढोक:
तळमळ? घरभाडं तळमळीनं भरता येत असेल तर सांगा, पत्ता देतो घरमालकाचा. तुम्हाला तीन ऋतू परवडले, कारण तुमच्या संस्थेला बाहेरून देणगी होती. मला डेडलाइन होती.

शेवळाची_भाजी:
देणगीचा माझ्या प्रतिसादात कुठेही उल्लेख नाही. वैयक्तिक होऊ नका.

करवंद_करवंद:
तुम्ही दोघंही एक विसरताय. नोंदवही प्रामाणिक केली तर आणखी पंचाईत. आमच्याकडचा वैदू काविळीचं मूळ दाखवायला तयार होता, नाव लिहून द्यायला नव्हता. 'लिहिलंत की माझं काय राहिलं?' त्याला लाभवाटपाचं, म्हणजे त्याच्या ज्ञानावर कंपनीनं कमावलं तर त्यातला वाटा गावाला मिळतो हे, समजावून सांगताना मलाच खात्री नव्हती. पुढे २०२३ ची दुरुस्ती आली, तीत ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाला लाभवाटपातून सूट मिळाली. त्या म्हाताऱ्याची शंका मग मला वेडगळ वाटेना. तेव्हा शेवळाताई, म्हातारीनं दोन नोंदी का खोडायला लावल्या हे विचारलंत का?

शेवळाची_भाजी:
विचारलं. सांगितलं नाही तिनं.

करवंद_करवंद:
तेच म्हणतोय.

स्टॅकवरचा_कावळा:
धागा नोकऱ्यांचा होता ना? इथे तर रानभाजी महोत्सव भरला. सरकारी कामात कॉपी-पेस्ट होतं ही बातमी आहे का? खासगी कन्सल्टन्सीत असं करून चालत नाही.

माळावरचा_माळढोक:
हे तुम्ही म्हणावं? रत्नागिरी जिल्ह्यातल्या बॉक्साइट खाणीच्या ईआयएमध्ये (पर्यावरण परिणाम अहवालात) रशियातल्या खाणीचा मजकूर सापडला होता, तो काय ग्रामसेवकानं लिहिला होता? आमचा जिताडा निदान कोकणातला तरी होता.

स्टॅकवरचा_कावळा:
वीस वर्षांपूर्वीची प्रकरणं काढून आमच्या तोंडावर मारायची हा काय प्रकार आहे? आता नॅबेटची मान्यता लागते, प्रत्येक विषयाच्या तज्ज्ञाला नावानिशी सही करावी लागते. माझ्या टीमनं मार्च ते मे उन्हात करपून गोळा केलेला डेटा आहे, कुणाच्या बापाचा उचललेला नाही. असे आरोप करणाऱ्यांनी एकदा चिमणीच्या शिडीवर चढून दाखवावं, नमुना घ्यायच्या पोर्टहोलपाशी हात पोळेपर्यंत.

रोह्याची_रातराणी:
चढलेय. पावसाळ्यातसुद्धा. बाप काढू नका.

तासिका_तत्त्व:
मधेच घुसतो, माफी असावी. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर पर्यावरण विषय सगळ्यांना शिकवा म्हणून सांगितलं. यूजीसीनं पदवीला सक्तीचा पेपर आणला. आम्ही म्हटलं, चला, राज्यात एवढी कॉलेजं, नेट-सेट झालेल्यांची सोय झाली. आमच्या कॉलेजात तो पेपर मराठीचे सर शिकवतात. वर्कलोड भरायला. सर भले आहेत, प्रकल्पाच्या वह्या माझ्याकडूनच तपासून घेतात. मी तासावर. दिवाळीच्या सुट्टीत माझा चहासुद्धा उधारीवर.

माळावरचा_माळढोक:
सर, तुम्ही जिंकलात.

स्टॅकवरचा_कावळा:
'बाप' मागे घेतो. बाकी नाही.

आणि तासिकासर, याचंच मला वाईट वाटतं. तुम्ही नेट-सेटच्या मागे का लागलात? सीबीएएमचा, म्हणजे युरोपच्या आयातीवरच्या कार्बन शुल्काचा, प्रत्यक्ष आकार १ जानेवारी २०२६ पासून सुरू. युरोपात पोलाद, ॲल्युमिनियम पाठवणाऱ्यांना टनामागे कार्बनचा हिशोब द्यावा लागतो. तो हिशोब सीएला जमत नाही, कारण त्याला भट्टीत काय जळतं ते कळत नाही. इथे आपल्या माणसाला जागा आहे. पण भट्टीपाशी जायला हवं, ग्रंथालयात बसून नाही.

रोह्याची_रातराणी:
हं. हे एक बरोबर बोललात. आमच्याकडे आलेल्या सीएनं डिझेलचे लिटर आणि कोळशाचे टन एकाच रकान्यात बेरीज करून टाकले होते, मीच थांबवलं. पण अहवालावर सही त्याची आणि मानधनही त्याचं. तेव्हा 'जागा आहे' म्हणताना खुर्ची कुणाची तेही सांगत चला.

मुलांनी कारखाना पाहावा, कन्सेंटमधल्या अटी वाचाव्यात, सगळं कबूल. पण पोस्टवाल्या सरांनी 'लाजतात' हा शब्द वापरला ना, तो मला झोंबलाय. गावाकडची मुलगी तळोज्यात रात्रपाळीच्या सॅम्पलिंगला एकटी जायला कचरते ती लाजते म्हणून नाही. तिथे बायकांसाठी संडास नसतो.

शेवळाची_भाजी:
याला मात्र पूर्ण अनुमोदन.

एमएस्सी_भाग_दोन:
सगळं वाचलं. घाबरले. सहामाही संपली की प्रोजेक्टसाठी जागा शोधायचीय. कॉलेजकडून पत्र मिळतं, पण कुठे द्यायचं ते कळत नाही. बारा ठिकाणी मेल केली, उत्तर नाही.

रोह्याची_रातराणी:
मेल कोणी वाचत नाही. तुझ्या जिल्ह्यातल्या एमआयडीसीचा सीईटीपी (सामायिक सांडपाणी प्रक्रिया प्लांट) कुठे आहे ते शोध आणि पत्र घेऊन सकाळी लॅबमध्येच जा. प्लांट हेड नाही, केमिस्टला भेट. सांडपाण्याची सीओडी चाचणी करायला हात हवेच असतात त्यांना. (कावळेसाहेब, हसू नका. हो, हे तुमचंच म्हणणं आहे.)

स्टॅकवरचा_कावळा:
हसत नाहीये. ऑक्टोबरपासून आमची बेसलाइन सुरू होतेय. ठाण्यात यायची तयारी असेल तर माझ्याकडेही ये, संडासाची सोय पाहून देतो.

एमएस्सी_भाग_दोन:
धन्यवाद दादा! मानधन किती असेल?

स्टॅकवरचा_कावळा:
व्यनि (खासगी निरोप) करतो.

रोह्याची_रातराणी:
इथेच लिहा.