मदत हवी आहे: वाईट बातमी सांगताना मी कोरडा पडत चाललोय

नमस्कार. मी फिजिशियन आहे, प्रॅक्टिसला १४ वर्षं झाली. आधी प्रसंग सांगतो, मग प्रश्न.

गेल्या महिन्यात एका पेशंटच्या मुलीला वडिलांच्या बायोप्सीचा रिपोर्ट सांगितला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. स्टेज, ऑपरेशन का होणार नाही, ऑन्कॉलॉजिस्टला कधी भेटायचं, सगळं सांगितलं. ती रिपोर्टचा कोपरा दुमडत होती, सरळ करत होती, पुन्हा दुमडत होती. माझं बोलणं संपल्यावर उठली आणि म्हणाली, "सॉरी डॉक्टर, बाहेर गर्दी आहे, तुमचा वेळ घेतला." मी बेल वाजवून पुढचा पेशंट आत घेतला. रात्री लक्षात आलं, तिचा चेहराच आठवत नाहीये. तो दुमडलेला कोपरा तेवढा आठवतोय.

हल्ली वाईट वाटत नाही, रागही येत नाही. काहीच वाटत नाही. घरी मुलगा शाळेतलं काही सांगायला लागला की "मुद्द्याचं बोल" असं तोंडून निघून जातं, आणि तो गप्प होतो. झोप तुटक झालीय.

मानसशास्त्रज्ञ मास्लाक यांच्या १९८१ च्या प्रश्नावलीत बर्नआउटचे, म्हणजे कामाच्या ताणाने आतून संपून जाण्याचे, तीन भाग आहेत: भावनिक थकवा, समोरच्याकडे माणूस म्हणून न बघणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पहिले दोन मला तंतोतंत लागू पडतात. वाईट बातमी सांगायची स्पाइक्स ही सहा पायऱ्यांची पद्धतही पाठ आहे. त्या दिवशी त्यातली चौथी, माहिती देण्याची, तेवढी केली. तिला आधी काय ठाऊक आहे, किती ऐकायचंय, हे विचारलंच नाही. पाचवी पायरी भावनांची. तिथवर मी पोचलोच नाही.

तर प्रश्न असा. पेशंटच्या दुःखात शिरलो की मी संपतो, लांब राहिलो की असा होतो. मधली काही वाट आहे का? आणि भरलेल्या ओपीडीत ती जमते का? "सुट्टी घ्या" कृपया सांगू नका. घेऊन झाली, परत आल्यावर दुसऱ्या दिवशी तेच.

प्रतिसाद १

डॉक्टर, मी बरीच वर्षं पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातल्या पेशंटचा त्रास कमी करण्याच्या कामात, आहे. तुम्हाला ते डाचतंय, म्हणजे तुम्ही पूर्ण कोरडे पडलेले नाही.

आधी वेळेचं. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी पाहिलं की पेशंटने बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडतात. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ३३५ पेशंटना मध्ये न बोलता ऐकून घेतलं, तर ते सरासरी दीड मिनिटात आपणहून थांबले. १९९९ च्या एका अभ्यासात डॉक्टरांच्या बोलण्यात ४० सेकंदांची आपुलकीची वाक्यं घातलेला व्हिडिओ पाहणाऱ्या स्त्रियांची चिंता, ती वाक्यं नसलेला व्हिडिओ पाहणाऱ्यांपेक्षा कमी भरली. गर्दीतही एवढा वेळ निघतो.

मधल्या वाटेबद्दल. मेंदूच्या अभ्यासक तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं की दुसऱ्याचं दुःख स्वतःत ओढून घ्यायचा सराव माणसाला खचवतो. त्याचं बरं व्हावं, ही इच्छा मनात धरण्याचा सराव मात्र उभारी देतो, आणि मेंदूचे वेगळे भाग त्यात काम करतात. म्हणजे तिच्याबरोबर रडायची गरज नाही, तिच्याकडे बघायची आहे.

मी करते ते सांगते. निदानाचं एक वाक्य बोलले की थांबते, मनात दहा आकडे मोजते. माहितीचा पुढचा शब्द समोरच्याने काही बोलल्याशिवाय नाही. तो बोललाच नाही तर एवढंच म्हणते, "वेगळं काही सांगता आलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं." पुढचा पेशंट बोलवायच्या आधी हात धुते आणि नळ बंद होईपर्यंत आधीच्याच माणसाचा विचार करते. मग दार उघडते.

आणि हे एकट्याने पेलायचं काम नाही. मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांचे गट सुरू केले: सात-आठ जण बसतात, एकजण अडलेली केस सांगतो, आणि चर्चा उपचारांची नाही, डॉक्टर-पेशंटच्या नात्याची होते. आमचा गट महिन्यातून एकदा बसतो, मी सहसा चुकवत नाही. तुटक झोप आणि काहीच न वाटणं हे मात्र मानसोपचारतज्ज्ञाला दाखवाच, ते नैराश्यही असू शकतं. जिनिव्हा घोषणेत, म्हणजे डॉक्टरांच्या जागतिक शपथेत, २०१७ पासून स्वतःच्या आरोग्याकडे लक्ष देण्याचं वचनही आहे, ते आपल्यालाच पाळायचंय.

शेवटचं: वडिलांना कोणी सांगितलं? त्या मुलीला फोन करा.

प्रतिसाद २

मी डॉक्टर नाही. आईच्या वेळी डॉक्टरांनी खुर्ची ओढून बसून सांगितलं होतं. काय सांगितलं त्यातलं अर्धं विसरले, ते बसले होते हे विसरले नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल फोन केला. "त्या दिवशी मी घाई केली, तुम्हाला काही विचारायचं राहिलं असेल," एवढंच म्हणालो आणि थांबलो. दहाच्या आधीच ती बोलली. वडिलांना अजून कोणीच सांगितलेलं नाही, तिच्याच्याने होत नाहीये, आणि त्या दिवशी तिला हेच विचारायचं होतं की तुम्ही सांगाल का. गुरुवारी दोघांना ओपीडी संपल्यावर बोलावलंय. किती ऐकायचंय, हे आधी त्यांनाच विचारणार आहे.

गटासाठी दोन मित्रांना मेसेज केला. एकाचं उत्तर पाच मिनिटांत आलं: "कधी बसायचं?" मानसोपचारतज्ज्ञांची वेळही घेतली आहे.