वर्गात खरी चर्चा कशी घडवायची? 'समजलं का?' विचारलं की सगळे एका सुरात 'हो'

फळाखडू

सातवी-आठवीचं विज्ञान आणि गणित माझ्याकडे आहे, यंदा आठवीचा इतिहासही. मराठी माध्यम, पटावर ४४ मुलं, तास ३५ मिनिटांचा. मुलांनी प्रश्न विचारावेत, कारण देऊन बोलावं, एकमेकांचं म्हणणं खोडावं असं मनापासून वाटतं. पण चर्चा सुरू केली की पुढच्या बाकावरचे तेच चार-पाच जण बोलतात. 'काही शंका?' म्हटलं की बाकीच्यांच्या माना खाली. गट पाडले तर नुसता गलका.

प्रश्न नेमका कसा काढायचा, गप्प मुलांना बोलतं कसं करायचं आणि हे सगळं करताना अभ्यासक्रम मागे कसा पडू द्यायचा नाही, हे जाणकारांनी सांगावं. 'मुलांना प्रोत्साहन द्या' याच्या पुढचं, उद्याच्या तासाला वापरता येईल असं हवं आहे.

वडाची_पारंबी

ताई, 'समजलं का?' याला 'हो' म्हणायचं असतं हे मूल पहिलीतच शिकतं. आणि 'काही शंका?' ला हात वर करणं म्हणजे मला कळलं नाही अशी चारचौघांत कबुली. दोन्ही वाक्यं सोडा. त्यांच्या जागी असा प्रश्न आणा, ज्यावर वर्गात खरोखर दोन-तीन मतं पडतील.

एरवी होतं काय, शिक्षक विचारतो, मूल एका शब्दात उत्तर देतं, शिक्षक 'बरोबर' म्हणतो आणि पुढे जातो. 'बरोबर' हा शब्द आला की उरलेल्या ४३ जणांचा विचार तिथेच थांबतो. म्हणून उत्तर बरोबर असो की चूक, आवाज आणि चेहरा तोच ठेवून विचारा, 'कशावरून?' फक्त चुकलेल्यांनाच 'कशावरून' विचारलंत तर दोन दिवसांत मुलं ओळखतात की हा प्रश्न आला म्हणजे आपलं चुकलं, आणि कारण द्यायच्या ऐवजी उत्तर बदलून टाकतात. बहुतेकांची चर्चा फसते ती इथेच.

दुसरं, थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादंच सेकंद थांबत होते. ते तीन सेकंदांच्या पुढे नेल्यावर उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढले. यातली दुसरी शांतता सगळे विसरतात. मुलाचं उत्तर संपल्यावरही तीन सेकंद काही बोलायचं नाही. 'कारण...' हा शब्द बहुतेकदा त्या फटीतच येतो. मनातल्या मनात सावकाश एक ते चार मोजा, नाहीतर तीन सेकंद होत नाहीत.

आता एक अख्खा तास. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मोंट या वैज्ञानिकाने कुंडीत साधारण ९० किलो कोरडी माती घेऊन सव्वादोन किलोचं विलोचं (वाळुंजाच्या जातीचं) रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं सुमारे ७७ किलोचं. माती पुन्हा वाळवून तोलली तर घट जेमतेम ५०-६० ग्रॅम. प्रश्न: उरलेलं वजन आलं कुठून? फळ्यावर चार पर्याय लिहा: माती, पाणी, हवा, सूर्यप्रकाश.

प्रयोग सांगायला ३ मिनिटं. मग २ मिनिटं पूर्ण शांतता, प्रत्येकाने वहीत पर्याय आणि एका वाक्यात कारण लिहायचं. लिहून झाल्यावरच हात वर करून मोजणी, आकडे फळ्यावर. लिहिण्याआधी हात वर करायला लावलेत तर सगळे पहिल्या नंबरच्या मुलाकडे बघून हात वर करतात आणि तास तिथेच वाया जातो. नंतर ४ मिनिटं वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवायचं. १० मिनिटं सगळा वर्ग. पुन्हा मोजणी. शेवटची १० मिनिटं तुमची, रीतसर शिकवायची. जी दोन-तीन मिनिटं उरतील त्यात 'माझं मत कशाने बदललं किंवा का बदललं नाही' हे वहीत.

मातीवाले ५०-६० ग्रॅमच्या आकड्यावर अडतात, तो आकडा त्यांनाच वाचायला लावा. प्रकाशवाल्यांना विचारा, उन्हात ठेवलेला दगड संध्याकाळी जड होतो का? पाणीवाल्यांना मात्र मोडीत काढू नका. हेल्मोंटचा स्वतःचा निष्कर्ष 'सगळं पाण्यातून' हाच होता आणि ओल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. त्यांना 'वाळलेल्या लाकडाचं काय?' इतकंच विचारा. तिथून कार्बन डायऑक्साइडपर्यंत वाट निघते. कोळसा जळताना निघणारा वायू साध्या हवेहून वेगळा आहे हे ओळखलेल्या याच हेल्मोंटच्या हातून नेमकी हवाच सुटली, हेही मुलांना जरूर सांगा.

त्रैराशिक

गणितात नवीन प्रश्न शोधायला लागत नाहीत, वह्यांतल्या चुका पुरतात. १/२ + १/३ = २/५ हे उत्तर दरवर्षी प्रत्येक वर्गात सापडतं. नाव न घेता फळ्यावर २/५ आणि ५/६ दोन्ही लिहा आणि एवढंच विचारा: '२/५ हे अर्ध्याहून मोठं की लहान?' ०.४ म्हणजे लहान, हे मुलं काढतात. मग अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे कसं? छेद समान करायची रीत इथे शिकवली तर ती का लागते हे मुलाला आधीच कळलेलं असतं.

पण इथे थांबू नका. पहिल्या दोन चेंडूंत एक चौकार, पुढच्या तीन चेंडूंत एक चौकार, तर एकूण किती चेंडूंत किती? पाचात दोन! म्हणजे २/५ हे एका वेगळ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे. फरक कुठे पडला? एकीकडे दोन्ही अपूर्णांक एकाच भाकरीचे, दुसरीकडे दोन वेगळे ढीग एकत्र केलेले. चूक करणाऱ्या मुलाच्या डोक्यात काहीतरी रीत होती, हे वर्गाला दिसणं फार मोलाचं आहे.

तयार प्रश्न हवे असतील तर एक विधान द्या आणि 'नेहमी, कधीतरी की कधीच नाही?' असं विचारा. 'गुणाकार केला की संख्या वाढते.' 'चौरस हा आयत असतो.' 'परिमिती वाढली की क्षेत्रफळ वाढतं.' शेवटच्यात बाजू ४ आणि ४ घेतल्या तर परिमिती १६, क्षेत्रफळ १६. बाजू ९ आणि १ घेतल्या तर परिमिती २०, क्षेत्रफळ ९. एका उदाहरणात विधान पडलं. उलट 'दोन विषम संख्यांची बेरीज सम असते' याची शंभर उदाहरणं दिली तरी 'नेहमी' सिद्ध होत नाही. त्याला कारण लागतं: जोड्या लावल्या की दोन्हींत एकेक उरतो, त्या दोघांची जोडी जमते. पाडायला एक उदाहरण पुरतं, उभं करायला कारण लागतं, हा भेद आठवीपर्यंत अंगवळणी पडलाच पाहिजे.

मोडीवाचक

इतिहासाच्या तासाला आधी एक गल्लत टाळा. चर्चा म्हणजे वादविवाद स्पर्धा नव्हे. आपल्याकडच्या न्यायदर्शनात वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत: खरं काय ते शोधायला केलेला वाद, जिंकायला केलेला जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसतं खोडत राहणं ती वितंडा. स्पर्धेत बाजू चिठ्ठीने ठरते आणि मत बदलणं म्हणजे हार. वर्गात मत बदलायची मोकळीक हवी.

महाडचा धडा असा घेता येतो. चार चिठ्ठ्या करा. (१) १९२३: सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात मंजूर. (२) १९२४: चवदार तळं खुलं करण्याचा महाड नगरपालिकेचा ठराव. (३) २० मार्च १९२७: डॉ. आंबेडकरांसह हजारो जण तळ्यावर जाऊन पाणी पितात, नंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ला होतो आणि पुढे तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं जातं. (४) ऑगस्ट १९२७: नगरपालिका आपला ठराव मागे घेते.

चिठ्ठ्यांवरची सालं झाकून चौघांच्या गटाला द्या आणि क्रम लावायला सांगा. मग सालं दाखवून विचारा: 'ठराव आधीच झाले होते, मग तळ्यावर जाऊन पाणी का प्यावं लागलं?' पहिली उत्तरं 'लोक वाईट होते' अशी येतात. त्यावर विचारा, ठराव करणारे कोण, अमलात आणायचं काम कोणाचं, चौथी चिठ्ठी काढून टाकली तर काय कळणार नाही? पाचवी चिठ्ठी शेवटी काढा: १७ मार्च १९३७, उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने. दहा वर्षं का लागली, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात.

एक पथ्य कटाक्षाने पाळा. 'तुमच्या घरी काय मानतात?' हा प्रश्न वर्गात नको, आणि कोणत्याही मुलाला त्या काळच्या स्पृश्य-अस्पृश्याची भूमिका करायला लावू नका. मधल्या सुट्टीत त्याचा त्रास मुलालाच होतो. प्रश्न निर्णयांवर ठेवा, वर्गातल्या माणसांवर नाही.

पाटीपेन्सिल

वरचं सगळं पटतं, तरी थोडं अडवतो. सगळंच चर्चेला टाकू नका. संज्ञा, चिन्हं, एककं, सनावळी सरळ सांगून टाकाव्यात. 'बलाचं एकक काय असेल बरं?' यात तर्काला जागाच नाही, मुलं नुसते अंदाज फेकतात आणि त्यालाच आपण चर्चा म्हणतो. हाताशी माहिती नसेल तर तर्क कशावर करणार? हेल्मोंटचा प्रश्न चालतो कारण आकडे आधी दिलेले आहेत. माझ्या मते प्रत्येक विषयाला आठवड्यात असा एक तास पुष्कळ झाला, बाकी तासांना पाच मिनिटांचा एक 'कशावरून?' पुरे. अभ्यासक्रम त्याने मागे पडत नाही.

गटाचा गलका होतो तो संख्येमुळे. आठ जणांच्या गटात तिघं बोलतात आणि पाच जण खोड्या काढतात. चारच्या वर जाऊ नका. गटाला कागद एकच द्या, त्यावर एक उत्तर, दोन कारणं आणि न पटलेल्याचं म्हणणं लिहायचं. कोण सांगणार हे आधी ठरवू द्यायचं नाही, वेळ संपल्यावर तुम्ही नाव घ्यायचं. मग हुशार मुलालाही शेजाऱ्याला समजावून देणं भाग पडतं.

नोंदीचं ओझंही नको. आकारिक मूल्यमापनात 'तोंडी काम' आहेच, गटचर्चा त्यातच बसते. बाकांचा नकाशा काढा, मूल बोललं की त्याच्या चौकोनात खूण: कारण दिलं तर 'क', प्रश्न विचारला तर 'प्र', दुसऱ्याचं ऐकून मत बदललं तर 'ब'. किती वेळा बोललं याला गुण देऊ नका, बडबड वाढते. महिन्याने नकाशा पाहिला की कोणते चौकोन कोरे राहिलेत ते समोर येतं, पुढच्या तासाला नावं तिथूनच घ्यायची.

फळाखडू

खूप आभार सगळ्यांचे. हेल्मोंटचा तास सोमवारीच घेते. एक राहिलं. गप्प बसणाऱ्यांत बरीच मुलं घरी अहिराणी बोलणारी आहेत. उत्तर येत असतं, पण प्रमाण मराठीत मांडताना अडतात आणि बाकीचे हसतात.

वडाची_पारंबी

मग जोडीतली ती ४ मिनिटं अहिराणीतच होऊ द्या, अगदी सांगून. विचार एका भाषेत आणि शब्दांची जुळवाजुळव दुसऱ्या भाषेत, ही दोन्ही ओझी एकदम नकोत. वर्गासमोरही मूल अहिराणीत बोललं तर बोलू द्या. त्याचं वाक्य फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहा, खाली वर्गाकडून प्रमाण मराठीत करून घ्या आणि त्या मुलालाच विचारा, 'तुला हेच म्हणायचं होतं ना?' मधेच शब्द दुरुस्त करायचा नाही, त्याने कारण अर्धवट राहतं.

आणि फळ्याच्या कोपऱ्यात तीन सुरुवाती कायम लिहून ठेवा: 'मला असं वाटतं, कारण...', 'मला हे पटत नाही, कारण...', 'तुझ्या म्हणण्यात मी भर घालते...'. अडलेलं मूल तिकडे बघून सुरुवात करतं. हसणाऱ्याला रागावण्यापेक्षा 'आत्ता ती काय म्हणाली ते तू सांग' असं विचारा. त्याला सांगता आलं नाही तर तिला पुन्हा बोलायला सांगा, या वेळी तो ऐकतो.