पितृपक्ष आणि दुचाकींचे आकडे

कुणीतरी म्हणतं की शेअर बाजार परदेशी फंडांच्या तालावर नाचतो, आपल्या सणावारांना तिथे कोण विचारतंय? रोजच्या चढउतारापुरतं मान्य. पण आपल्या आकुर्डीच्या बजाज ऑटोसकट दुचाकी कंपन्यांचे मासिक आकडे बघा, पंचांग शेजारी ठेवूनच वाचावे लागतात.

2025चंच घ्या. 15 ऑगस्टला जीएसटी कपातीचं सूतोवाच झालं आणि गिऱ्हाईक थांबलं. 7 सप्टेंबरपासून पितृपक्ष, म्हणजे शोरूममध्ये चौकशी भरपूर, पण डिलिव्हरी 'घटस्थापनेनंतर बघू'. 22ला घटस्थापना आणि त्याच दिवसापासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर 28 वरून 18 टक्के. (मुहूर्त सरकारनंही काढला म्हणायचा!) मग काय, हार घातलेल्या गाड्या आणि चाकाखाली लिंबं.

एक मेख मात्र आहे. कंपनी जाहीर करते ती डीलरला पाठवलेल्या गाड्यांची संख्या. लोकांनी खरंच किती घेतल्या ते सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरच्या गाड्यांच्या नोंदणीत दिसतं. सणाआधी डीलर माल भरतो तेव्हा पहिला आकडा फुगतो, आणि दिवाळीनंतरही नोंदणी मागेच राहिली तर गाड्या गोदामात पडून आहेत. शिवाय दसरा 2023मध्ये 24 ऑक्टोबरला होता, 2025मध्ये 2 ऑक्टोबरला; म्हणजे सणाआधीचा माल कधी सप्टेंबरात भरला जातो, कधी ऑक्टोबरात. एका वर्षीच्या सप्टेंबरची दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरशी तुलना करून शेअर विकणाऱ्यांनी हे जरूर बघावं.