बाबांना अलेक्झांड्रिया दाखवायचंय, एक दिवस पुरेल का?

सातरस्ता

नमस्कार मंडळी. जानेवारीत बाबांना घेऊन इजिप्तला निघालोय, एकूण नऊ दिवस. बाबा ७३ वर्षांचे. चोवीस वर्षं सोलापूरच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाला होते, गिरणी बंद पडल्यावर टॉवेलच्या मागावर. आई गेल्यापासून घराबाहेर फारसे पडत नाहीत. कुठं जायचं विचारलं, तर पिरॅमिडचं नाव काढलं नाही. म्हणाले, "अलेक्झांड्रिया दाखव."

त्यांच्या उमेदीत बारीक सुतासाठी परदेशी कापसाच्या गाठी यायच्या. त्यांच्यावर काळ्या शाईत हे नाव छापलेलं असायचं. बाबांना तेव्हा इंग्रजी वाचता येत नव्हतं, खात्यातल्या कारकुनानं वाचून दाखवलं. ते तेव्हापासून डोक्यात बसलंय.

टूरवाला म्हणतो, कैरोहून सकाळी निघा, रात्री परत या, तिथं बघण्यासारखं फार नाही. खरं आहे का? बाबांचे गुडघे दुखतात, जिने जपून चढावे लागतात. आणि ते माळकरी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही. समुद्रकाठच्या गावात त्यांची जेवणाची सोय कशी होईल हीच मोठी काळजी आहे.

विजापूरवेस

गेल्या वर्षी आम्ही ग्रुपनं गेलो होतो, एका दिवसात झालं. किल्ला, तो उंच खांब, नवं ग्रंथालय, समुद्र. बसनं जायला तीन तास, यायला तीन. वडिलांना घेऊन जाताय तर उरलेल्या रात्री लक्सरला द्या, तिथली देवळं बघून थक्क व्हाल. व्हिसा मात्र जायच्या आधीच काढून ठेवा, आणि जवळ कार्ड ठेवा. बऱ्याच ठिकाणी तिकिटाला रोख घेत नाहीत.

पूर्वभाग

सातरस्ता, एका दिवसात नका उरकू. विजापूरवेस सांगतात ते चूक नाही, लक्सर सुंदरच आहे. पण सहा तास बसमध्ये गेल्यावर माणसाच्या हाती काय उरतं? तुमचे बाबा इतकी वर्षं त्या गावाचं नाव मनात धरून बसलेत. त्यांना तिथली सकाळही मिळू द्या आणि संध्याकाळही. तीन रात्री राहा.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, दारात मराठी. माहेरी माग, सासरी माग, आणि मी स्वतः बावीस वर्षं टॉवेल कारखान्यात माल तपासते. २०२४ च्या जानेवारीत आम्ही दोघं तिथं चार रात्री राहिलो. सांगते ते सगळं त्यावरूनच.

बस नको, रेल्वेनं जा. कैरोच्या रामसेस स्टेशनवरून गाडी मिळते, अडीच-तीन तास लागतात. हा लोहमार्ग १८५६ सालचा, म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटल्यावर तीनच वर्षांनी झालेला. आधी सिदी गाबर लागतं, मग शेवटचं मिस्र स्टेशन. मुक्काम रमल या ट्राम स्टेशनच्या आसपास घेणार असाल (तोच घ्या) तर शेवटी उतरा. हे गाव लांबच लांब पट्टीसारखं आहे, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मरियूत तळं. मुक्काम टोकाला पडला तर निम्मा दिवस टॅक्सीत जातो.

बाबांना आधीच सांगून ठेवा, जानेवारीत शेतात कापूस दिसणार नाही. वेचणी दिवाळीच्या आधीच उरकलेली असते. गाडीच्या खिडकीतून दिसेल तो गहू आणि बरसीम. आपल्याकडे म्हशींना घालतात तेच बरसीम. ते बियाणंही इजिप्तहून आलं आणि नावही.

कापूस मी गावात शोधला. मनशिया नावाचा चौक आहे, तिथं एकेकाळी कापसाच्या सौद्यांची मोठी इमारत होती. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि त्या चार वर्षांत मुंबई आणि अलेक्झांड्रिया ही दोन्ही बंदरं एकाच पैशावर वर आली. पुढं त्याच इमारतीच्या सज्जातून २६ जुलै १९५६ ला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा देशाच्या मालकीचा झाल्याचं जाहीर केलं. आज ती इमारत उभी नाही. मी तिथं थांबले तेव्हा मला आपल्या बंद गिरणीची चिमणी आठवली. बाबांना चौकात नुसतं उभं करू नका, हे सगळं सांगा. त्यांना आमच्या-तुमच्यापेक्षा जास्त कळेल.

तिथूनच एक गल्ली फुटते, झनकत अस्सित्तात. बायकांच्या गर्दीची गल्ली असा त्याचा अर्थ. दोन माणसं शेजारून जाताना खांदा लागतो, आणि दोन्ही बाजूंना कापड, लेस, बटणं, दोरे. मी तिथं दोन दुपारी काढल्या. दुकानदार प्रत्येक कापडाला "मिस्री कापूस" म्हणतो, आणि पुष्कळ माल तसा नसतो. मी एका कापडाच्या काठाचा दोरा ओढला, पीळ उलटा सोडला आणि तंतू हळूच वेगळे केले. खरा गिझा, म्हणजे त्यांचा लांब धाग्याचा कापूस असेल तर तंतू बहुधा ३३ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब भरतो, आपला रोजचा २८-२९. म्हाताऱ्या दुकानदारानं माझी बोटं पाहिली, काही न बोलता मागच्या फळीवरचं दुसरं ठाण काढलं आणि पुढ्यात टाकलं. ते मात्र खरं होतं. त्याला मराठी येत नव्हतं, मला अरबी. बाबांना त्या गल्लीत नक्की न्या. गिरणीत जन्म काढलेल्या माणसाला तिथं दुभाषा लागत नाही.

(तिथल्या मिनीबसला मशरू म्हणतात. आपण ज्याला मशरू म्हणतो, बाहेरून रेशीम आणि अंगाला सूत असं विणलेलं कापड, त्याचं नाव याच अरबी शब्दावरून आलंय. पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा मला वाटलं कुणी कापडच विकतोय.)

गुडघ्यांचं सांगते. कोम अश्शुकाफाची भुयारी दफनघरं सगळ्यात अवघड. गोल जिना आहे, ९९ पायऱ्या, आणि उतरल्या तेवढ्या चढायच्या. खाली अनुबिस, कोल्ह्याच्या तोंडाचा तो त्यांचा देव, रोमन शिपायाचं चिलखत घालून भिंतीवर उभा आहे. दोन धर्म एकाच दगडात इतक्या सहज राहिलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत. बाबांना झेपणार नसेल तर त्यांना वर बसवा, आवारात दगडी शवपेट्या मांडल्यात, त्याही बघण्याजोग्या आहेत. तो उंच खांब तिथून जवळच आहे. लोक त्याला पाँपीचा म्हणतात, पण तो डायोक्लेशन बादशहासाठी उभारलेला. आस्वानचा तांबडा दगड, उंची सत्तावीस मीटरच्या आसपास. कोम अद्दिक्काचं रोमन नाट्यगृह उघड्यावर आहे, फार चढउतार नाही. ग्रंथालयात लिफ्ट आहे. कैतबेचा किल्ला १४७७ चा, जुना दीपस्तंभ भूकंपांत पडला त्याच जागेवर बांधलेला. आत जिने आहेत, पण बाहेरच्या कट्ट्यावर बसलं तरी समुद्र पुढ्यातच असतो.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. कोम अश्शुकाफा म्हणजे खापरांचं टेकाड. मयताला भेटायला येणारे लोक आणलेली भांडी परत न नेता तिथंच फोडायचे, त्याचा ढीग झाला. ते ऐकताना मला तेर आठवलं. बार्शीच्या पलीकडचं, गोरोबाकाकांचं तेर. लहानपणी मामाबरोबर गेले होते, तिथल्या पांढरीच्या टेकाडावर पाय ठेवू तिथं खापर लागायचं. घरी आल्यावर शोधलं तर कळलं, साधर्म्य खापरांवर थांबत नाही. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं आपल्या समुद्राची माहिती लिहून ठेवलीय. त्यात तेर आहे, तगर नावानं, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथून काय यायचं? साधं कापड पुष्कळ, आणि नाना तऱ्हेची मलमल. गाड्यांतून भडोचला, तिथून जहाजानं तांबड्या समुद्रात, मग उंटावरून नाईलकाठी, आणि नदीनं थेट अलेक्झांड्रियाला.

म्हणजे बाबांनी त्यांच्या गाठी इथं फोडल्या, त्याच्या अठराशे-एकोणीसशे वर्षं आधी आपल्याकडचं कापड त्यांच्या बंदरावर उतरत होतं. हे कुठल्याही टूरवाल्यानं मला सांगितलं नाही. बाबांना तिथं समुद्राकाठी बसवून सांगा.

हिप्परगा

पूर्वभागताई, वाचून फार बरं वाटलं. मी शाळेत इतिहास शिकवतो, थोडी भर घालतो. तगरचं नाव आणखी एकानं लिहिलंय, दुसऱ्या शतकातल्या टॉलेमी या भूगोलकारानं. तो अलेक्झांड्रियातच राहून काम करायचा. तेरला शासनाचं संग्रहालय आहे, तिथं उत्खननातल्या मातीच्या मूर्ती आणि ती प्रसिद्ध हस्तिदंती बाहुली आहे. सातरस्ता, इजिप्तच्या आधी बाबांना घेऊन एकदा तेरला जाऊन या.

ग्रंथालयाबाहेर एक भलामोठा दगडी पुतळा दिसेल, किल्ल्याजवळच्या समुद्रातून १९९५ मध्ये वर काढलेला. तो इजिप्तचा राजा टॉलेमी दुसरा याचा समजला जातो (हा त्या भूगोलकाराहून वेगळा). अशोकाच्या तेराव्या शिलालेखात "तुरमाय" म्हणून ज्या राजाचा उल्लेख आहे तो हाच. पाठ्यपुस्तकात मी हे नाव वर्षानुवर्षं शिकवलं, पण त्याला चेहरा असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

ग्रीक-रोमन संग्रहालयही चुकवू नका. बरीच वर्षं बंद होतं, २०२३ च्या ऑक्टोबरात उघडलं.

सातरस्ता

ताई, सर, काय बोलू. काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. तंतू मोजायचं आलं तिथं त्यांनी मला थांबवलं आणि आपलं बोट पुढं करून दाखवलं, एवढा असतो म्हणून. तीन रात्रींचं नक्की केलंय. लक्सर पुढच्या वेळी.

आता फक्त जेवणाचं आणि थंडीचं सांगा.

पूर्वभाग

जेवणाची काळजी सोडा. मासे गावभर आहेत, पण गरिबाचं जेवण तिथंही कडधान्यच आहे. सकाळी फूल, म्हणजे घेवड्यासारख्या मोठ्या दाण्याची रात्रभर मंद आचेवर शिजवलेली उसळ, वर तेल, जिरं, लिंबू. सोबत गरम पोळीसारखा पाव, त्याला ऐश म्हणतात. अरबीत ऐश म्हणजे जगणं, आणि हे लोक भाकरीला तेच नाव देतात. दुपारी कोशरी: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचं आंबटतिखट आणि कुरकुरीत तळलेला कांदा. तिखट वेगळं मिळतं, शत्ता म्हणून मागा. त्यांचे फलाफल हरभऱ्याचे नसतात, त्याच मोठ्या दाण्याचे असतात, बाबांना आवडतील.

जपायचं ते मुलुखियाला. दिसायला आपली पातळ पालेभाजी, पण बहुधा कोंबडीच्या रश्शात शिजवतात. कागदावर लिहून न्या आणि प्रत्येक ठिकाणी म्हणा: "अना नबाती, मिन घेर लहमा." मी शाकाहारी, मांस नको. "अंडं नको" हे वेगळं सांगा, नुसतं मांस नको म्हटलं तर अंडं येतं. एकादशी मध्ये आली तर खजूर, संत्री आणि दूध कुठंही मिळतं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी तर तुम्ही नेणारच.

थंडी आपल्यासारखी कोरडी नाही. त्या गावात हिवाळ्यातच पाऊस पडतो, समुद्रावरून वादळं येतात, त्यांना नव्वा म्हणतात आणि प्रत्येकाला नाव असतं. नोव्हेंबरातल्या एकाचं नाव मकनसा, म्हणजे केरसुणी. आम्ही होतो तेव्हा दोन दिवस लाटा काठावरच्या रस्त्यावर येत होत्या. कानटोपी, स्वेटर, आणि एक आपली चादर न्या. तो काठावरचा रस्ता वडीलधाऱ्यांना घेऊन वरून ओलांडू नका, वाहनं थांबत नाहीत. खालून भुयारी वाट कुठं आहे ते बघून ठेवा.

टॅक्सी पिवळ्या-काळ्या. बसायच्या आधी भाडं ठरवा, आमच्याकडून एकानं दुप्पट घेतलं. रमलच्या जुन्या ट्राममध्ये आम्ही खूप फिरलो, १८६० च्या दशकापासूनची ती सेवा. आता त्या मार्गाचं नूतनीकरण काढलंय, तेव्हा ट्राम चालू आहे का हे हॉटेलात विचारून मगच बेत करा.

आणि एक काम माझं करा. त्या गल्लीत मधोमध, डाव्या हाताला, पायरी झिजलेलं दुकान आहे, मागच्या फळीवर पांढरी ठाणं. तो म्हातारा असेल तर बाबांच्या हातानं आपल्या टॉवेलचा एक तुकडा त्याला द्या. उद्या संध्याकाळी कारखाना सुटल्यावर मी तो सातरस्त्यावर आणून देते, वेळ कळवा.

सातरस्ता

साडेसहाला येतो. बाबाही येतायत, टॉवेल आधी त्यांना बघायचाय.