चर्चा: नमकीनवर सरसकट ५ टक्के जीएसटी. फायदा इंदूरच्या दुकानांना की बाहेरच्या मोठ्या ब्रँडना?

सेवबाज: २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सुट्या मालावर आधीपासूनच ५ होता. टाळ्या खूप वाजल्या, पण इंदूरच्या सराफा बाजारापासून छप्पन दुकानपर्यंत तोलून विकणाऱ्यांना त्या सात टक्क्यांचाच आडोसा होता. करापूर्वी २०० रुपये किलोची सेव पाकिटात २२४ ला पडायची, सुटी २१० ला. आता दोन्ही २१०. मोठ्या कंपनीला सरकारनं किलोमागे १४ रुपयांची वाट करून दिली. याला करसुधारणा म्हणायचं तर म्हणा, मला ही बड्यांची सोय दिसते.

जमाखर्च: हा आडोसा उभा कुणी केला तेही सांगा की. जुलै २०१७ ला सगळ्याच नमकीनवर १२ टक्के होते. ६ ऑक्टोबर २०१७ च्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत बिनब्रँडचं नमकीन आणि खाकरा ५ वर आले. गुजरातची निवडणूक डिसेंबरात होती (योगायोग म्हणा हवं तर). तेव्हापासून स्वतःचं नाव नोंदवलं की ७ टक्के जास्त. १८ जुलै २०२२ ला निकष बदलून ‘पाकीटबंद आणि लेबल लावलेलं’ असा झाला, मग लेबलच महाग पडू लागलं. दुकानानं वाढू नये म्हणून दिलेलं हे बक्षीस होतं. ते गेलं, बरं झालं.

सियागंजवाला: सुट्या दुकानाचा खरा आडोसा कंपोझिशनचा (छोट्यांनी उलाढालीवर थोडा ठरावीक कर भरायच्या योजनेचा) आहे आणि तो अजून शाबूत आहे. दीड कोटीच्या उलाढालीपर्यंत उत्पादकानं फक्त १ टक्का भरायचा. तेलावरचं क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही हे खरं, पण बेसनाच्या २५ किलोवरच्या गोणीला करच नाही. २५० रुपये किलोनं धरलं तर दीड कोटी म्हणजे दिवसाला साधारण १६५ किलो. त्याच्या आतलं दुकान आजही पाकीटवाल्यापेक्षा कमी कर भरतं. अडचण त्यापुढे आहे: कंपोझिशनमध्ये राहून राज्याबाहेर माल विकता येत नाही; ऑनलाइन ॲपवरून ऑक्टोबर २०२३ पासून विकता येतो, पण राज्यातल्या राज्यातच. पुण्याला रतलामी सेव पाठवायची तर योजनेतून बाहेर पडा.

सेवबाज: भिया, मग १० रुपयांच्या पुडीचं काय? १२ टक्क्यांत करापूर्वीची किंमत ८.९३ होती, आता ९.५२. पुडीमागे ५९ पैसे. प्रामाणिकपणे द्यायचे तर ४२ ग्रॅमची पुडी सुमारे ४५ ग्रॅमची व्हायला हवी. नाही केली तर? १ एप्रिल २०२५ पासून नफेखोरीविरोधी कलमाखाली नवीन तक्रारच घेत नाहीत. ते ५९ पैसे किराणावाल्याच्या स्कीममध्ये (त्याला द्यायच्या जादा सवलतीत) गेले की दर्शनी फळी मोठ्या ब्रँडची.

जमाखर्च: हा मुद्दा मान्य, यावर उत्तर नाही. पण मोठ्यांनाही फुकटात काही मिळालेलं नाही. पाऊचचं लॅमिनेट (प्लास्टिकची फिल्म) १८ टक्क्यांत, विक्री ५ टक्क्यांत. कच्च्या मालावरचं साचलेलं क्रेडिट जीएसटीच्या नियम ८९(५) खाली परत मागता येतं. जाहिरात, गोदामभाडं आणि यंत्रं यांच्यावरचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२१ मध्ये सेवांना वगळणारा नियम कायम ठेवला. जाहिरातीवर जितका खर्च जास्त, तितकं क्रेडिट अडकलेलं.

सेवबाज: त्यांना आयकरात भरपाई आहे. सप्टेंबर २०१९ पासून कंपनीला सवलती सोडून २२ टक्क्यांचा पर्याय, अधिभार-उपकरासह २५.१७. आपल्याकडची कितीतरी जुनी दुकानं भागीदारीत, त्यांना ३१.२. उत्पन्न कोटीपुढे गेलं की जवळजवळ ३५. नवी फ्रायर लाइन (तळणीची यंत्रं) टाकायला कंपनीकडे दर शंभरात सहा रुपये जास्त उरतात.

सियागंजवाला: नफा घरी न्यायचा असेल तर हिशेब उलटा होतो. कंपनीत उरलेले ७४.८३ लाभांश म्हणून काढले आणि मालक ३० टक्क्यांच्या पट्टीत असेल तर हातात ५१.४८. भागीदारीत ६८.८, कारण भागीदाराच्या हिश्शावर पुन्हा कर नाही. कुटुंबाचं पोट त्याच गल्ल्यावर असेल तर भागीदारी बरी. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात शेड टाकून नफा आतच ठेवायचा असेल तर कंपनी.

सेवबाज: म्हणजे वाढायचं ठरवलं की दोन्ही कायद्यांत कपडे बदला. मोठ्याला तो खर्च आधीच झालेला.

जमाखर्च: खर्चापेक्षा तारखा चुकतात. कंपोझिशनची मर्यादा ओलांडली की ७ दिवसांत योजनेतून बाहेर पडल्याचा फॉर्म सीएमपी-०४, आणि साठ्यातल्या तेल-लॅमिनेटचं क्रेडिट घ्यायला ३० दिवसांत फॉर्म आयटीसी-०१. क्रेडिट २ लाखांवर असेल तर सीएचा दाखला लागतो. यंत्रावरचं क्रेडिट बिलाच्या तारखेपासून दर तिमाहीला ५ टक्क्यांनी घटतं. दिवाळीच्या विक्रीत मर्यादा ओलांडली आणि हिशेब मार्चला उघडला, तर हे सगळं गेलेलं असतं, वर फरकाचा कर व्याजासकट.