मदत हवी आहे: गरोदरपणातल्या दारूचा मुलावर परिणाम, तपासणी कुठे करावी?

नमस्कार मंडळी. आमचा मुलगा दुसरीत आहे. तान्हा असताना आम्ही त्याला दत्तक घेतलं. संस्थेच्या फायलीत एक ओळ आहे: जन्मदात्या आईला गरोदरपणात दारूचं व्यसन.

मुलगा बोलायला चुणचुणीत आहे, म्हणूनच आमचं म्हणणं कुणाला पटत नाही. तीनचा पाढा रात्री धडाधड म्हणतो आणि सकाळी 'तीन दुणे'लाच अडतो. 'बाटली भर, दप्तर आवर, मग बूट घाल' असं एका दमात सांगितलं की बूट घालून दारात उभा! बाकीचं पार विसरलेला असतो. वर्गात कुणी पट्टी मागितली की देऊन टाकतो, दुसऱ्याचं खोडरबर खुशाल उचलतो. शाळेत त्याला खोटारडा म्हणतात. शिक्षा झाली की खूप रडतो, पण ती कशाबद्दल झाली हे दुसऱ्या दिवशी त्याला सांगता येत नाही. हे बघवत नाही हो.

डॉक्टरांनी 'चेहरा तर नॉर्मल आहे' म्हणून विषय संपवला. पण डोळ्यांच्या आखूड फटी, नाक आणि ओठ यांमधली सपाट जागा, वरचा पातळ ओठ या खुणा दारूचा परिणाम झालेल्या सगळ्याच मुलांत नसतात. चेहरा सुरुवातीच्या आठवड्यांत घडतो, मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. दारू वारेतून बाळाच्या रक्तात जाते आणि त्याच्या कोवळ्या यकृताला ती पेलत नाही. 1973 साली सिएटलच्या डॉक्टरांनी या त्रासाला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिलं. आता सौम्य-तीव्र सगळे प्रकार धरून 'एफएएसडी' (फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर) म्हणतात. बुद्ध्यांक चांगला असूनही स्मरणशक्ती, गणित, परिणामांचा अंदाज यांत मूल मागे पडू शकतं.

एफएएसडी माहीत असलेले डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या विकासातल्या अडचणी बघणारे डॉक्टर) कुणी सुचवाल का? जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात 18 वर्षांपर्यंतची मुलं बघतात, तिथला कुणाचा अनुभव? एडीएचडीची (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा यांवरची) गोळी सुचवली आहे, ती अशा मुलांना लागू पडते का? आणि शाळेला हे लेखी कसं द्यावं, म्हणजे निदान शिक्षा तरी थांबेल?

कृपया त्या आईला बोल लावू नका. दिवस गेल्याचंच कित्येकींना उशिरा कळतं, आणि व्यसन सोडवायला तिच्यासोबत कुणी होतं की नाही, देव जाणे.

आम्ही नाशिकला असतो, पुण्या-मुंबईला यायची तयारी आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.