सगळ्याच टायटर कशाला?

लसीकरणाचं कार्ड हरवलं म्हणून सगळ्या लसींच्या अँटिबॉडी रक्तात किती आहेत ते (म्हणजे टायटर) तपासायचं, असं काही जण सुचवतात; तो मार्ग खर्चिक आहे. धनुर्वात-घटसर्पासाठी तपासणी नकोच. टीडी (दोन्हींची एकत्र लस) घ्या, दर 10 वर्षांनी एक. (फक्त धनुर्वाताची टीटी मागितलीत तर घटसर्प राहून जातो.) गोवर-रुबेलाची खात्री नसेल तर एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस) दोन डोस, मध्ये किमान 28 दिवस. आधी लस झालेली असली तरी पुन्हा घेतल्याने बिघडत नाही. गरोदरपणात मात्र नाही, आणि डोसनंतर महिनाभर गर्भधारणा टाळा. पुण्यात 2018 ची शाळांमधली गोवर-रुबेला लसीची मोहीम 15 वर्षांपर्यंतच्यांसाठी होती, त्याहून मोठे त्यातून सुटले.

तपासणी खरी उपयोगाची हिपॅटायटिस बीची, तीही दवाखान्यात काम करणाऱ्यांना: तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (या लसीने तयार झालेली अँटिबॉडी), 10 mIU/mL किंवा जास्त हवं. वीस वर्षांनी केलीत तर आकडा खाली येतोच, संरक्षण बहुधा टिकलेलं असतं.